चाकणहून आलेलं रक्त

पडद्यावर ते ठिपके पहिल्यांदा दिसले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. काळ्या पडद्यावर हिरवट, टाचणीच्या टोकाहून बारीक असे शेकडो ठिपके. शेजारच्या चौकटीत नुसतं क्षारांचं पाणी सोडलं होतं, तिथे मिट्ट काळोख. मी मॅडमना हाक मारली ती इतक्या जोरात, की बाहेरच्या खोलीत सोल्डरिंग करत बसलेला आमचा इंजिनिअर हातातलं काम टाकून धावत आला.

"काय जळलं?"

"काही जळलं नाही. हे बघ."

मॅडम आल्या, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याशी वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. पुन्हा ठिपके. तिसऱ्या वेळी त्यांनी पिपेट माझ्या हातातून स्वतःकडे घेतलं, तेव्हा मला कळलं की वरून कितीही गंभीर दिसल्या तरी आतून त्याही माझ्याइतक्याच उसळल्या आहेत.

आमची लॅब म्हणजे ताथवड्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या इमारतीतल्या दोन खोल्या. माणसं तीन. मॅडमनी बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना नोकरी सोडून हे काम अंगावर घेतलं होतं. मी त्याआधी चाकणच्या एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत होते. दिवसभर गोळ्या विरघळवायच्या, त्या किती वेळात विरघळल्या ते बघायचं. इंजिनिअर चाकणजवळच्याच एका गावचा. घरचं शेत, शेताला लागून कंपनीची भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे त्याने काही वर्षं गाड्यांच्या सेन्सरवर काम केलेलं. तो मला ताई म्हणायचा, मी त्याला भाऊ.

आम्ही शोधत होतो ती गोष्ट साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाही. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या अंगाचा बारीकसा तुकडा पातळ आवरणात गुंडाळून सतत बाहेर सोडत असते. पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात, आम्ही लॅबमध्ये व्हेसिकल म्हणायचो. त्या रक्तात तरंगत फिरतात आणि ज्या पेशीतून निघाल्या तिची प्रथिनं अंगावर घेऊन फिरतात. कॅन्सरच्या पेशीही हेच करतात. म्हणजे गाठ पोटात कुठेतरी खोल दडलेली असली, तरी तिच्या खुणा अंगावर वागवणाऱ्या पुटिका दंडातल्या शिरेतून वाहत असतात. त्या पकडता आल्या, तर सुई टोचण्यापलीकडे काही न करता गाठीचा सुगावा लागू शकतो.

हे मी घरी सांगितलं तेव्हा माझा नवरा जेवता जेवता थांबला. तो गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात आहे. म्हणाला, "म्हणजे प्रत्येक पेशीचं आपलं डिस्पॅच असतं म्हण की."

"आणि मालावर कंपनीचा शिक्का. आम्ही शिक्का शोधतोय."

त्या दिवशी आम्हाला दिसलेले ठिपके म्हणजे असेच शिक्के होते. अंडाशयाच्या कॅन्सरच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींनी सोडलेल्या पुटिका आम्ही पोस्टाच्या तिकिटाएवढ्या प्लास्टिकच्या चिपवरून वाहू दिल्या होत्या. चिपच्या तळाशी अँटिबॉडीचा थर होता, पुटिका त्याला चिकटल्या. मग त्यांच्या अंगावरच्या कॅन्सरच्या खुणेला जाऊन बसणारा, चमकणारा रंग सोडला आणि बाकी सगळं धुऊन टाकलं. उरली ती चमक. इंजिनिअरने बनवलेल्या डब्यातल्या कॅमेऱ्याने ती टिपली. डबा दिसायला जुन्या टेपरेकॉर्डरसारखा होता, पण आम्ही तिघं त्याच्याकडे असे बघत होतो की जणू घरात बाळ आलंय.

पण पेशींनी भरलेल्या बाटलीतलं पाणी वेगळं आणि माणसाचं रक्त वेगळं. आता खरं रक्त हवं होतं.

चाकणच्या बाजूच्या एका हॉस्पिटलातल्या कॅन्सरच्या डॉक्टर आमच्या कामात सामील झाल्या. नीतिसमितीची मंजुरी मिळाली. ज्या बायकांचं निदान झालंय पण उपचार सुरू व्हायचेत, त्यांना विचारून, त्यांची संमती घेऊन रक्त मिळणार होतं. अडचण वेगळीच होती. तुलनेसाठी त्याच वयाच्या निरोगी बायकाही हव्या होत्या, आणि धडधाकट बाई उगाच सुई टोचून घ्यायला कशाला येईल?

ही अडचण सोडवली माझ्या सासूबाईंनी.

आम्ही चऱ्होलीला राहतो. सासर तिथलंच, जुनं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं पोट फुगायला लागलं. आधी गॅस म्हणून, मग वय म्हणून, मग उन्हाळा म्हणून आम्ही ते सोडून दिलं. कळलं तेव्हा गाठ चांगलीच वाढलेली होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस पुन्हा आले. आता त्या ठणठणीत होत्या आणि माझ्या कामाची चौकशी रोज करत.

"माझं रक्त घ्या की," त्या एकदा म्हणाल्या. "माझ्यात तर व्हतीच की ती गाठ."

"तुमचं नाही चालणार, आई. तुमची गाठ काढलीये."

"म्हंजी मी बरी झाले म्हून निकामी?"

मी हसत सुटले. मग त्यांना नीट सांगितलं की आम्हाला कधीच आजार न झालेल्या, त्यांच्या वयाच्या बायका हव्यात. त्यांनी ऐकून घेतलं. दोन-तीन दिवसांनी मी घरी आले तर ओसरीवर त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका बसलेल्या, चहा चाललेला, आणि सासूबाई त्यांना ठणकावून सांगत होत्या, "पोटात गाठ वाढत व्हती आन् मला पत्ता न्हाई. दाबून बघा म्हणलं तरी कळत न्हाई ती. ही पोरगी ती रक्तातून हुडकायला निघालीय. तिला दोन चमचे रक्त द्यायला काय जातंय आपलं?"

एकीने विचारलं, "आमाला सांगणार का, काय निघालं ते?"

मी म्हटलं, "नाही, मावशी. हे अजून शिकायचं यंत्र आहे. ते खरं बोलतं की खोटं, हेच आम्हाला बघायचंय. त्याच्यावरून कुणाला आजार आहे की नाही हे सांगता येणार नाही, आणि आम्ही सांगणारही नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आधी तू हात फुडं कर. मग देत्यात सगळ्या."

म्हणून ठरल्या दिवशी हॉस्पिटलात सगळ्यांच्या आधी मी बाही वर केली. माझ्यामागे चऱ्होलीच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. कुणी डोळे मिटून घेतले, कुणी सिस्टरच्या हाताकडे टक लावून बघत होती. झाल्यावर सगळ्यांना केळं आणि बिस्किटं. जत्रेला गेल्यासारख्या गप्पा मारत त्या परत गेल्या.

नळ्यांवर फक्त आकडे होते. त्यात आजारी बायकांच्याही नळ्या होत्या. कुठली कुणाची, हे एकट्या डॉक्टरांना माहीत. अपवाद माझ्या नळीचा. मॅडमच्या सांगण्यावरून तिच्यावर मी लाल रेघ ओढली होती, म्हणजे एक तरी नमुना आपल्या ओळखीचा आणि निरोगी असेल. बर्फाच्या डब्यात नळ्या भरून एक कुरिअरवाला त्या दुचाकीवरून ताथवड्याला घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पहिली चिप लावली. उजळली. दुसरी लावली, तीही उजळली. इंजिनिअर टाळी द्यायला हात पुढे करून उभा होता. तिसरी, चौथी. पुढे त्याचा हात आपोआप खाली आला. सगळ्याच उजळत होत्या. कमी-जास्त होतं, पण काळोख कुठेच नव्हता.

मग लाल रेघेची नळी आली.

मी स्वतः ती चिप लावली, स्वतः धुतली आणि पडद्याकडे बघितलं. आतापर्यंतच्या सगळ्या चिपांपेक्षा माझी चिप जास्त चमकत होती.

मला शास्त्र येत होतं. यंत्र कच्चं आहे हे मीच चार दिवसांपूर्वी ओसरीवर सांगितलं होतं. तरीही माझा हात नकळत पोटावर गेला. घरात ते सगळं इतक्या जवळून पाहिलेलं होतं. काहीही दुखत नसताना, काहीही कळत नसताना, आत वाढत राहणारं.

मॅडमनी लाल रेघ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"ऐक. हे निदान नाही. इतक्या सगळ्या निरोगी बायका एकदम आजारी असू शकत नाहीत. चूक आपल्या कामात आहे."

"हो."

"हो म्हणतेस, पण चेहरा वेगळं सांगतोय. उद्या सोनोग्राफी करून घे. यंत्रासाठी नाही, तुझ्या झोपेसाठी. आणि सकाळी इथे आलीस की पुन्हा रक्त दे."

मी घरी कुणाला काही बोलले नाही. सकाळी लॅबमध्ये पोचले तेव्हा मॅडमनी शेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टरना बोलावून ठेवलं होतं. त्यांनी रक्त काढलं आणि नळी अजून कोमट असतानाच मी ती सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवली. सेंट्रिफ्यूज म्हणजे नळ्या गरागरा फिरवून रक्ताचे थर वेगळे करणारं यंत्र. वर आलेला पिवळसर प्लाझ्मा काढला, पुन्हा फिरवला, चिपवर सोडला.

पडदा काळा. कुठे एखाददुसरा ठिपका, बस्स.

मग इंजिनिअर म्हणाला, "ताई, कालची बी तुमचीच, आजची बी तुमचीच. एका रात्रीत एवढं धुतलं कसं गेलं, राव?"

दुपारी सोनोग्राफीत सगळं स्वच्छ निघालं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी मोकळी झाले होते, पण खरं सांगायचं तर त्या सुटकेपेक्षा मोठी गोष्ट डोक्यात घुमत होती. एकच बाई, एकच रक्त, आणि दोन उत्तरं. बाई बदलली नव्हती. मग बदललं काय?

रिक्षात बसले. रिक्षा भूमकर चौकात अडकली. हिंजवडीच्या कंपन्यांच्या कॅब एकमेकींना खेटून उभ्या होत्या. पुढची गाडी थोडी हलली, रिक्षा खड्ड्यात आदळली, माझं डोकं वरच्या दांडीला लागलं. आणि डोकं चोळता चोळता मला तो बर्फाचा डबा दिसला. चाकणपासून ताथवड्यापर्यंत दुचाकीच्या मागे बांधलेला. तळेगाव चौकातले कंटेनर, तळवड्याचे खड्डे, तासन्‌तास नुसतं उभं राहणं, मग पुन्हा आदळआपट.

मी रिक्षातूनच मॅडमना फोन केला. "मॅडम, रक्त हलत आलंय!"

"काय?"

"चाकणहून. हलत, आपटत, बर्फात बसून, कितीतरी वेळाने. आणि आज सकाळचं माझं रक्त टेबलावरून थेट यंत्रात गेलं."

मग त्यांनी एकच शब्द उच्चारला आणि तो उच्चारताना त्यांचा आवाज वर गेला. "प्लेटलेट!"

जखम झाली की रक्त गोठवायला ज्या धावतात, त्या प्लेटलेट. त्या फार हळव्या असतात. रक्त शरीराबाहेर आलं, हिंदकळलं, गार पडलं, की त्यांना वाटतं जखम झाली. मग त्या भराभर स्वतःच्या पुटिका सोडायला लागतात. आणि आम्ही शोधत होतो ती खूण कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असली, तरी प्लेटलेटच्या पुटिकांवरही थोडीफार असते. वाटेतच त्या नळीत अशा लाखो पुटिका तयार झाल्या असतील, तर आमची चिप बिचारी दुसरं काय दाखवणार? आजारी बाई आणि निरोगी बाई, दोघींच्या नळ्यांत प्रवासानेच एवढा गोंगाट केला होता की गाठीचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं.

पण हे सगळं अजून फक्त बोलणं होतं. सिद्ध करायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्यांदा बाही वर केली. या वेळी एका टोचणीत तीन नळ्या. एक लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये. दुसरी टेबलावर, सरळ उभी, हात न लावता. तिसरी इंजिनिअरने बर्फाच्या डब्यात घातली, डबा स्वतःच्या बाइकला बांधला आणि हेल्मेट चढवलं.

"खड्डे चुकवू नकोस," मॅडम म्हणाल्या.

"चुकवायचे म्हणलं तरी चुकतात व्हय, मॅडम?" तो म्हणाला आणि निघाला. चाकणच्या चौकापर्यंत जाऊन परत यायचं होतं.

तो परत येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागेना. पहिल्या नळीचा प्लाझ्मा तयार होता, दुसरी टेबलावर तशीच उभी होती, आणि तिन्ही चिपा एकदमच लावायच्या असं ठरलं होतं. मी तीनदा टेबल पुसलं. मॅडम उभ्याउभ्याच काहीतरी वाचत होत्या आणि पान उलटत नव्हत्या. शेवटी जिन्यात बुटांचा आवाज आला. तो धुळीने माखलेला, घामाने निथळणारा, आणि डबा छातीशी धरून.

"मोशीला कंटेनर आडवा पडला होता," तो धापा टाकत म्हणाला. "एकदम झकास हाल झालेत नळीचे!"

उरलेल्या दोन्ही नळ्या फिरवून तिन्ही चिपा लावल्या. पडद्यावर तीन चौकटी शेजारी शेजारी. पहिली काळी. दुसरीत विरळ ठिपके. तिसरी, बाइकवरून फिरून आलेली, लखलखाट.

इंजिनिअरने आरोळीच ठोकली. खालच्या मजल्यावरचं कुणीतरी वर बघायला आलं. मी मॅडमना मिठी मारली, जे करण्याची हिंमत मी एरवी कधीच केली नसती, आणि त्यांनी मला दूर केलं नाही. गंमत बघा, आम्ही कॅन्सर शोधला नव्हता. चाकणचा रस्ता शोधला होता. पण तो सापडल्यामुळे आता तो गाळता येणार होता.

पुढचे आठवडे आम्ही वाऱ्यासारखे पळत होतो. मॅडमनी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना पटवलं आणि रक्त काढायच्या खोलीतच एक छोटं सेंट्रिफ्यूज बसलं. रक्त काढलं की तिथल्या तिथे दोनदा फिरवायचं, प्लेटलेट तळाशी बसवून टाकायच्या, वरचा स्वच्छ प्लाझ्मा काढून गोठवायचा. एकदा प्लेटलेट निघून गेल्या की मग त्या नळीला कितीही खड्डे लागोत. रक्त काढल्यापासून फिरवेपर्यंत बर्फ बंद, कारण त्या गारठ्यानेही प्लेटलेट बिथरतात. इंजिनिअरने नळ्या सरळ उभ्या राहतील असं फोमचं घरटं करून दिलं. मी रोज सकाळी चऱ्होलीहून आधी हॉस्पिटलात जायचे, सिस्टरबरोबर उभी राहून दोन-चार नमुने करायचे आणि मग ताथवड्याला यायचे. त्या सिस्टरनाही या कामाचा नाद लागला. नळीतला प्लाझ्मा उजेडासमोर धरून त्या म्हणायच्या, "बघा ताई, काचेसारखा झालाय!"

जुने नमुने टाकून द्यावे लागले. म्हणजे भजनी मंडळाकडे पुन्हा जाणं आलं. मी सासूबाईंना भीतभीतच सांगितलं.

"पुन्यांदा? आन् पयलं काय केलं, सांडलं?"

"सांडलं नाही, आई. रस्त्यात बिघडलं."

मी त्यांना खड्ड्यांची आणि प्लेटलेटची सगळी हकीकत सांगितली. माझ्या लाल रेघेच्या नळीचंही सांगून टाकलं. ते ऐकताना त्यांचे भाजी निवडणारे हात थांबले.

"आन् तू घरात बोलली न्हाईस?"

"उगाच तुम्हाला घोर."

"मला घोर? मी त्यातनं जाऊन आलेय, बाई. असलं काय आलं डोक्यात तर माझ्यापाशी येऊन बसायचं. कळलं?" एवढं बोलून त्यांनी नाक ओढलं, आणि लगेच मंडळातल्या पहिल्या बाईला फोन लावला. "आगं ऐक, आपल्या रक्ताला चाकणचे खड्डे सोसले न्हाईत. पुन्यांदा जायाचंय."

सगळ्या आल्या. एक सोडून, आणि तिने आपल्या जावेला पाठवलं.

नवे नमुने पुरेसे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांच्यावर नवे आकडे घातले, कुठला कुणाचा ते पुन्हा एकट्या त्यांनाच माहीत, आणि आम्ही चिपा लावायला घेतल्या. मी मुद्दाम एकेक चिपच लावत होते, घाई केली नाही. पहिली काळी. दुसरी काळी. तिसरीवर भरगच्च ठिपके. मी चौथी लावली. काळी. आता पडद्यावर दोन प्रकारच्या चिपा स्पष्ट वेगळ्या दिसत होत्या, पण त्या वेगळेपणाचा अर्थ आम्ही लावतोय तोच आहे का, ते फक्त चाकणच्या डॉक्टर सांगू शकत होत्या.

ठरलेल्या सकाळी मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला. आम्ही तिघं टेबलाभोवती. मी नळीचा आकडा आणि आमचा अंदाज सांगायचा, डॉक्टरांनी खरं काय ते सांगायचं.

"पहिली, निरोगी," मी म्हटलं.

"निरोगी," पलीकडून डॉक्टर.

"पुढची, निरोगी."

"बरोबर."

"पुढची, आजारी."

पलीकडून, "हो. आजारी आहे. मोठी गाठ होती. मागच्याच आठवड्यात ऑपरेशन झालं."

इंजिनिअरने टेबलावर मूठ आपटली. मॅडमनी त्याला डोळ्यांनीच दटावलं. आम्ही पुढे जात राहिलो. निरोगी, निरोगी. आजारी, आजारी. प्रत्येक उत्तरानिशी माझा आवाज मोठा होत गेला. डॉक्टरही आता उत्साहात आल्या होत्या. त्यांचं "बरोबर" माझं वाक्य पुरं व्हायच्या आत येऊ लागलं.

मग मी एक आकडा सांगितला आणि म्हटलं, "निरोगी."

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही आजारी आहे. अगदी सुरुवातीची. दुसऱ्याच कशासाठी तरी स्कॅन केला म्हणून सापडली."

नेमकी हीच. जिला लवकर पकडावं म्हणून हा सगळा खटाटोप, तीच निसटली. थोड्या वेळाने एका निरोगी बाईला आम्ही आजारी म्हणून बसलो, तीही चूक निघाली. बाकी सगळं जुळलं. यादी संपली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "मी इतकी वर्षं बायकांची पोटं फुगल्यावरच त्यांना भेटतेय. हे जर आणखी पुढे गेलं..." आणि त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

फोन बंद झाला. आम्ही खाली टपरीवर गेलो, चहा मागवला आणि तिघंही एकाच वेळी बोलायला लागलो. इंजिनिअर म्हणत होता कॅमेरा बदलू, अजून अंधुक ठिपके दिसतील. मी म्हणत होते एकाच खुणेवर भागणार नाही, दुसरीही खूण धरायची, दोन्ही एकाच पुटिकेवर दिसल्या तरच मोजायच्या, म्हणजे उरल्यासुरल्या प्लेटलेटच्या पुटिकाही बाजूला पडतील. मॅडम कपातला चहा गार करून घेत म्हणाल्या, "मला ती निसटलेली बाई पाहिजे." मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तिचा नमुना. फ्रीजरमध्ये आहे ना अजून?"

होता. मी कप तसाच ठेवला आणि आम्ही जिने चढून वर आलो.

दुसरी खूण बसवायला आम्हाला बरेच महिने लागले. कित्येक चिपा वाया गेल्या. एकदा रंगच एकमेकांत मिसळला आणि सगळा पडदा पोपटी झाला. पण एका सकाळी त्या निसटलेल्या नमुन्यात, जिथे आधी आम्हाला काळोखाशिवाय काही दिसलं नव्हतं, तिथे दोन रंगांत एकदम चमकणारे मोजके ठिपके उमटले. हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. निरोगी बायकांच्या चिपांवर ते नव्हते. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं, आणि ते होते.

एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला मॅडमनी सांगायची गरज नव्हती. आता आणखी दोन हॉस्पिटलांशी बोलणं चाललंय, आणि इंजिनिअर तसलेच दुसरे दोन डबे बनवतोय. त्यांना त्याने या वेळी रंगही दिलाय. चाचणी बाजारात यायला वर्षं लागतील, कदाचित आमच्या हातून ती येणारही नाही, दुसरं कुणी आणखी चांगली काढेल. सुरुवातीच्या अवस्थेतल्या बायकांचे नमुने मिळणं फार कठीण आहे, कारण त्या सापडतच नाहीत, आणि सापडाव्यात म्हणूनच तर हे चाललंय.

काल चाकणच्या डॉक्टरांचा फोन आला. तसा एक नवीन नमुना मिळालाय, अगदी सुरुवातीचा, बाईंनी आनंदाने संमती दिलीय. मी आत्ता तो आणायला निघालेय. चौकात गर्दी असणारच. पण प्लाझ्मा तिथेच वेगळा करून गोठवलाय, तेव्हा मला घाई आहे ती फक्त माझ्यासाठी. संध्याकाळच्या आत चिप लावून पडद्यासमोर बसायचंय.